योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत

मावशी, तू गेल्याला महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी आले नाही. तुझ्या लेकीने, ग्लोरियाने, दोनदा फोन केला. दुसरा तर चर्चच्या आवारातूनच केला असावा, मागे घंटा ऐकू येत होती. मी तेव्हा ठाण्याच्या कोर्टात बाकावर बसले होते. त्याच दिवशी तारीख होती, आणि ती तुझीच होती. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मेलेल्या मानसाला पन तारीख लावतात काय गं?" लावतात. माणूस गेल्याचं कोर्टाला कोणीतरी कागदावर कळवेपर्यंत त्याच्या तारखा पडतच राहतात. ते कळवायचं काम माझं होतं.

थकले आहे मी, मावशी. आधी तेवढं सांगते. रडून झालंय. आता फक्त खांदे दुखतात.

सांगलीहून वकिलीची सनद घेऊन मी वसईत आले, तेव्हा पापडीत तुझ्या घरामागची खोली मला भाड्याने मिळाली. पहिल्या दिवशी तू ओट्यावर बसली होतीस, मांडीवर पांढरा धागा, हातात क्रोशाची सुई. मान वर न करता विचारलंस, "वकील म्हंजे दिवसभर भांडनार काय?" मी म्हटलं, "काम मिळालं तर." तेव्हा तू हसलीस. कळंबचं माहेर तुझ्या बोलण्यातून चाळीस वर्षांच्या संसारानंतरही गेलं नव्हतं. सुरुवातीला तुझं बोलणं मला नीट लागायचं नाही. तुझ्या हाताकडे मात्र मी तासन्‌तास बघत बसायची. तू बोलायचीस, रागवायचीस, रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारायचीस, आणि सुईची लय कुठे चुकायची नाही. गावातल्या नवरीच्या डोक्यावरच्या नेटची किनार तुझी, बाप्तिस्म्याच्या झग्याची लेस तुझी, सणाला वेदीवर अंथरायचं कापड तुझं. लोक तुला रेमेत म्हणायचे तसं लेसवाली रेमेतही म्हणायचे.

इंटरनेटची कल्पना माझी. हे तू कधी कोणाला सांगितलं नाहीस, म्हणून मीच लिहिते. स्टेशनजवळ नवीन सायबर कॅफे निघाला होता. तिथे मी एक परदेशी बाजार पाहिला. जगातला कोणीही माणूस आपली वस्तू त्यात मांडू शकायचा, आणि जगातला कोणीही ती घेऊ शकायचा. कंपनी अमेरिकेतली. मी घरी येऊन तुला म्हटलं, "मावशी, तुझी लेस पापडीबाहेर जायला पाहिजे." तू म्हणालीस, "पापडीबाहेर गेली, वसईला गेली." तरी दुसऱ्या दिवशी चांगली साडी नेसून माझ्याबरोबर आलीस. फोटो चढवले, तुझं नाव टाकलं, 'हाताने विणलेली' असं इंग्रजीत लिहिलं. शेवटी एक चौकोन आला. त्यापुढे लिहिलं होतं, मला सर्व अटी मान्य आहेत. मी त्यावर टिचकी मारली.

वकील मी. तीन महिन्यांपूर्वी एका अशिलाला न वाचता सही केल्याबद्दल झापलं होतं. आणि मी वाचलं नाही. कॅफेतला तास संपत आला होता.

पहिल्या दोन लेशी गेल्या. तिसरी जर्मनीला गेली, टेबलावर अंथरायची मोठी, जिच्यावर तू सगळा उन्हाळा घालवलास. पोस्टाच्या पावतीवर जर्मनी असं लिहिलेलं बघून तू ती पावती बायबलमध्ये ठेवलीस. महिन्याभराने ती लेस घेणाऱ्या बाईचं ई-मेल आलं. कॅफेत उभ्या उभ्या मी तुला मराठीत सांगितलं: ती म्हणते, इतकी सारखी वीण माणसाच्या हाताची असूच शकत नाही, ही मशीनची लेस आहे, मला फसवलं. तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस. "चांगलं म्हनते का वाईट म्हनते?" मग म्हणालीस, "येडी हाय काय ती? क्रोशा मशीनला येतच नाय. सुई अशी मागनं फिरवून आनायला हात लागतो. कुठल्या पन बाईला विचार."

कुठल्याही बाईला कोणी विचारलं नाही. कंपनीने तुझं खातं बंद केलं आणि तुझ्या नावापुढे एक ओळ टाकली: बनावट वस्तू विकणारी. ती ओळ सगळ्या जगाला दिसत होती. जगाचं आपल्याला काही नव्हतं. पण गावातल्या कोणाच्या तरी दुबईतल्या जावयाने ती वाचली आणि सासुरवाडीला कळवली. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर एक बाई अगदी सहज म्हणाली, "रेमेत, ती मशीनची होती काय गं? असली तरी काय झालं, आजकाल सगळं तसंच." त्या वर्षी सणाला वेदीवरचं कापड दुसरीकडून आलं. तुला कोणी नको म्हटलं नाही. फक्त सांगायला कोणी आलं नाही.

तू ओट्यावरून उठून आत जाऊन बसायला लागलीस, तेव्हा मी म्हटलं, "नोटीस देऊ." मला वाटलं, दोन ओळींचं काम आहे.

नोटिशीचं उत्तर मुंबईतल्या मोठ्या वकिलांकडून आलं. त्यांच्या अशिलाचं मुंबईतलं ऑफिस ही वेगळीच कंपनी, तिचा त्या बाजाराशी संबंध नाही. बाजार अमेरिकेतल्या कंपनीचा. आणि अटींप्रमाणे कुठलाही वाद अमेरिकेतल्या अमुक राज्याच्या कायद्याने, तिथल्याच कोर्टात चालेल. त्या दिवशी मी त्या अटी पहिल्यांदा छापून काढल्या. एकवीस पानं झाली. तुझ्या ओट्यावर बसून वाचल्या. वाचून झाल्यावर तुला सांगितलं, की आपण आधीच कबूल करून बसलोय.

"मी कधी कबूल केलं?"

"तू नाही. मी. तुझ्या नावाने. न वाचता."

तू बराच वेळ धागा गुंडाळत राहिलीस. मग म्हणालीस, "तू वकील ना गं?" एवढंच. नंतर आत जाऊन चहा घेऊन आलीस. पुढे दावा लिहिताना मी अडले. खरं लिहायचं तर मला तुझी साक्षीदार व्हावं लागणार होतं, आणि मग तुझं वकीलपत्र सोडावं लागणार होतं. दुसरा वकील करण्याबद्दल मी बोलले, तर तू हात उडवलास. "लिही, रेमेतनं केलं. नाव माझं, खातं माझं, बोट कोनाचं का असंना. तू सोडलंस तर मी कोनाला मावशी म्हनू देनार?" मी तसं लिहिलं. त्या वाक्याखाली माझी सही आहे. तू ते पुन्हा कधी काढलं नाहीस, भांडणातही नाही. त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही, आणि आभार मानायचे तेही राहिले.

दोन देशांमधल्या खासगी भांडणांचा कायदा मी कॉलेजात ऑप्शनला टाकला होता. पुस्तकात जहाजं होती, परदेशात झालेली लग्नं होती, सांगलीच्या कोर्टात हे कुठे लागणार, असं वाटलं होतं. आता ती पुस्तकं मुंबईहून मागवून वाचायला लागले. विणणारी वसईत, बाजार अमेरिकेत, गिऱ्हाईक जर्मनीत. सौदा नेमका कुठे झाला? कुठल्या देशाचा कायदा लावायचा? त्यातलं एकही पुस्तक घरबसल्या लावलेल्या अशा दुकानाबद्दल बोलत नव्हतं. मी तुला रोज थोडं थोडं समजावायची. तू ऐकून घ्यायचीस आणि शेवटी तेच विचारायचीस, "पन जज माझी लेस बघनार कधी?"

"ते नंतर, मावशी. आधी कोणत्या कोर्टाने बघायचं ते ठरेल."

"बघायला काय लागतं? मी जजसमोर बसते. विनून दाखवते. अर्ध्या तासाचं काम."

अर्ध्या तासाचं काम. समन्स परदेशी पोचायलाच वर्ष लागलं. इंग्रजी तर्जुमा, दिल्लीचं मंत्रालय, तिकडचं मंत्रालय. एकदा शिक्का नाही म्हणून सगळं परत आलं. तू प्रत्येक तारखेला यायचीस. मी म्हणायची, तुझं आज काही काम नाही. तू म्हणायचीस, "विचारलं तर?" वसई कोर्टाच्या व्हरांड्यात, खांबाला टेकून, तू विणत बसायचीस. शिपाई सुरुवातीला म्हणाला, "मावशी, सुई घेऊन आत नाही जायचं." तू म्हणालीस, "आत बोलवतंय कोन?" नंतर तोच तुला खुर्ची आणून द्यायला लागला. घटस्फोटाच्या तारखेला आलेल्या एका मुलीला तू तिथेच साखळी टाका शिकवलास. एवढं सगळं होत होतं आणि पाच पावलांवर, आत, तुझ्या हाताचा विषय निघत नव्हता.

वसईचा निकाल लागला तेव्हा तू माझ्या शेजारी उभी होतीस. न्यायाधीश चांगले होते, त्यांनी मराठीत वाचलं. अटी मान्य केल्या आहेत, सबब दावा योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी वादीस परत करण्यात येत आहे. बाहेर आल्यावर तू विचारलंस, "जितलं का हरलं?"

"दोन्ही नाही. परत दिला. योग्य कोर्टात घालायला सांगितलाय."

"योग्य म्हंजे कुठलं?"

"अमेरिकेतलं."

तू रस्त्यात थांबलीस. बाजारातून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली, तरी हलली नाहीस. "माझी अब्रू तिथं गेलीच नाय. तिथं मला ओळखतं कोन? अब्रू गेली पापडीत. जिथं गेली तिथंच मिळनार ना?"

मावशी, मी पुस्तकांतून इतके दिवस जे शोधत होते, ते तू रिक्षासमोर उभी राहून सांगितलंस. विक्रीचा करार एक, आणि माणसाच्या नावाला लागलेला डाग वेगळा. डाग जिथे लागला, तिथल्या कोर्टाला तो बघण्याचा हक्क आहे. ठाण्याच्या अपिलात पहिला मुद्दा तोच घेतला, जवळजवळ तुझ्याच शब्दांत. समोरच्या मोठ्या वकिलांनी तो वाचून मला कॉरिडॉरमध्ये विचारलं, "हे कुठून काढलं?" मी म्हटलं, "अशिलाकडून." त्यांना तो विनय वाटला.

मग ते आपलं भांडण. अपील दाखल होऊन सहा महिने झाले होते. कंपनीने निरोप पाठवला: ती ओळ काढून टाकतो, तुम्ही अपील मागे घ्या, आणि एका कागदावर सही करा, की वस्तूचं वर्णन करताना माझ्याकडून चूक झाली असू शकते. मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं. मी धावत तुझ्याकडे आले. तू ते वाक्य तीनदा वाचून घेतलंस.

"कसली चूक?"

"झाली असू शकते, एवढंच. ते नुसतं लिहायला. मावशी, ओळ जाईल ना. तुला तेच पाहिजे होतं."

"मी म्हनायचं, की माझा हात नव्हता?"

"कोणी वाचणार नाही तो कागद! फाइलमध्ये पडेल."

"मी वाचलाय ना."

मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, तुला कल्पना नाही मी किती दमलेय, तुझ्या एका लेशीसाठी माझी दुसरी कामं बुडतायत, तुझ्या हट्टापायी मी ठाण्याच्या फेऱ्या घालते आहे. तू शांतपणे म्हणालीस, "टिचकी मारायला दमली नव्हतीस." नाही, मावशी. तू असं म्हणाली नाहीस. हे मीच तुझ्या तोंडी घातलं, त्या दिवशी घरी जाताना, आणि नंतरही कितीतरी दिवस. तू खरं तर काहीच म्हणाली नाहीस. ओट्यावरचा धागा उचललास आणि आत गेलीस. मी तोवर भुईगावात फ्लॅट घेतला होता, त्यामुळे तुझं तोंड न बघणं सोपं होतं. सव्वा महिना आपण बोललो नाही. मग एका दुपारी तू जिने चढून धापा टाकत दारात आलीस आणि विचारलंस, "अपील चालू हाय ना?" मी हो म्हटलं. "मग ठीक." पाणी पिऊन निघून गेलीस. त्या वादाचा निकाल तेवढाच. तू बरोबर होतीस की मी, ते राहिलंच. आजही मी धड सांगू शकत नाही. ओळ गेली असती तर पुढच्या सणाला कापड तुझं असतं.

त्या धापा मला तेव्हाच कळायला हव्या होत्या.

अपिलाची सुनावणी लागली तेव्हा तू हॉस्पिटलात होतीस. हृदयाचं होतं. डॉक्टर ग्लोरियाशी हळू आवाजात बोलायला लागले होते. तू मला उशीखालून एक लेस काढून दिलीस, वीतभर, अर्धवट. "घेऊन जा. मी नाय तर ही तरी बसंल जजसमोर." मी ती फाइलमध्ये ठेवली. दाखवायचा माझा विचार नव्हता, दाखवण्याची ती वेळच नव्हती. पण कागद काढताना ती टेबलावर पडली. न्यायाधीशांनी विचारलं, "हीच का ती?" मी म्हटलं, "तशीच. अपीलकर्तीच्या हातची." त्यांनी मागून घेतली. चष्मा वर केला, उलटी केली, उजेडाकडे धरली. म्हणाले, "माझी आई करायची. इथे बघा, धागा संपलाय आणि नवा घेतलाय. हे हाताचंच काम आहे."



समोरचे वकील उठले. "तो मुद्दा आज न्यायालयापुढे नाही."

"बरोबर आहे," न्यायाधीश म्हणाले, आणि लेस मला परत दिली. मी हात जोडून म्हटलं, "साहेब, एवढी नोंद व्हावी." त्यांनी मान हलवली. "बाई, दावा कुठे चालायचा एवढंच मी ठरवायला बसलोय. दुसरं मी लिहू शकत नाही." उरलेल्या युक्तिवादासाठी पुढची तारीख दिली.

मी तिथून सरळ तुझ्याकडे आले. तुझे डोळे मिटलेले होते. मी कानाशी वाकून सांगितलं, "मावशी, जज म्हणाले. हाताचंच काम आहे, असं म्हणाले." तू डोळे उघडलेस.

"कोन म्हनाला?"

"जज. भर कोर्टात."

"लिवलं?"

मी म्हटलं, "हो. लिहिलं."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "नक्कल आन." मी म्हटलं, आणते. तिसऱ्या दिवशी सकाळी ग्लोरियाचा फोन आला.

तर परवाच्या तारखेचं सांगते. पुकारा झाला, मी उभी राहिले आणि अपीलकर्ती मयत असल्याचं सांगितलं. न्यायाधीशांनी वर बघितलं. त्यांना लेस आठवली असावी. "वारस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मुलगी आहे. पण दावा नावाला लागलेल्या डागाचा आहे, आणि तो हक्क माणसाबरोबर संपतो." हे मला समोरच्या वकिलांआधी सांगावं लागलं. कायदा तसाच आहे. घर मुलीला मिळतं, बागायत मिळते, हे मिळत नाही. समोरचे वकील खाली बघत होते. अपील उपशमित झालं, म्हणजे आपोआप मिटलं. कुठलं कोर्ट योग्य, हे कोणी सांगितलं नाही. ती ओळ अजून तिथे आहे.

मयत झाल्याची पुरसिस मी हाताने लिहून दिली होती. पुरसिस म्हणजे पक्षकाराने कोर्टाला द्यायचं साधं निवेदन, चार ओळींचं. नावापुढे वय आणि धंदा लिहायची पद्धत आहे. इतकी वर्षं तुझ्या प्रत्येक कागदावर मी धंदा घरकाम असं लिहीत आले, बाईच्या नावापुढे तसंच लिहायची सवय. या वेळी लिहिलं, धंदा: हाताने लेस विणणे. समोरच्यांनी हरकत घेतली नाही. मेलेल्या माणसाच्या धंद्यावर कोण हरकत घेणार? न्यायाधीशांनी वाचलं, तिथे जरा थांबले, आणि खाली 'पाहिले, दाखल' लिहून सही केली. मी नकलेचा अर्ज टाकला. आज ती मिळाली, गोल शिक्क्यासकट, आणि मी ती घेऊन पापडीला गेले.

ग्लोरियाने वाचून विचारलं, "हे जजनं लिहिलंय?"

"नाही. मी लिहिलंय. त्यांनी पाहिलं, एवढंच." मग तिला सगळं सांगितलं, हॉस्पिटलात मी तुझ्याशी काय बोलले तेही.

ती म्हणाली, "आईला माहीत होतं. तुम्ही गेल्यावर मला म्हणाली, लिवलं नसनार. लिवलं असतं तर वकीलबाय दारातूनच ओरडत आली असती."

मग तू नक्कल का मागितलीस, मावशी? मी येताना सगळा रस्ता तोच विचार केला. खरं बोलायला मला आणखी एक संधी दिलीस का? ती मी तेव्हा घेतली नाही. आता घेते. त्यांनी लिहिलं नव्हतं. पण म्हणाले होते, उजेडाकडे धरून, सगळ्यांसमोर, आणि मी ते माझ्या कानांनी ऐकलं.